फळीचं अर्धं तिकीट

सीबीटीवर पहाटेची पणजी गाडी लागते तेव्हा
मी मागच्या दाराशी उभा,
काखेत माझ्याहून चार बोटं उंच फळी.
कुणा रशियनानं मोरजीला मोडून टाकलेली,
उद्यमबागेत सुट्टीनंतर थांबून
रेझिनचे तीन थर देऊन मी जोडलेली.
जोड दिसतो. दिसू दे.
खोळ गंगव्वा मावशीनं शिवलीय, मांडवाच्या कापडाची.
तिला अजून वाटतं, आत इस्त्रीचं टेबल आहे.

"एल्लिगे?"
मांद्र्याला.
"मत्त इदु?"
हेपण.
बसलिंगप्पा कंडक्टरनं फळीकडं पाहिलं, मग मशीनकडं.
मशीनमध्ये पोतं होतं, कोंबडी होती,
सायकल होती, टीव्ही होता.
पाण्यावर उभं राहायची वस्तू नव्हती.
"आगंगिल्ल री."
गाडी गेली.

आमच्याकडं बोर्ड म्हटलं की पहिला प्रश्न,
कुठल्या भाषेतला?
डांबर फासलेले, रातोरात उतरवलेले,
कोर्टाच्या पायऱ्या चढलेले बोर्ड बघत वाढलो.
नाक्यावरच्या पोलिसानं खोळ सोडायला लावली,
दोन्ही बाजू उलटून पाहिल्या.
काहीच लिहिलेलं नव्हतं.
त्यानंच त्याचा संशय वाढला.

मग निंगोजीची गाडी.
मार्केट यार्डातून रात्री अडीचला सुटते,
गोव्याच्या सकाळच्या भाजीसाठी.
फ्लॉवरच्या क्रेटांवर फळी आडवी,
कोथिंबिरीच्या जुड्यांमध्ये माझे पाय.
जांबोटी झोपलेली, कणकुंबीत एकच दिवा.
इथं उगवते मलप्रभा.
समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि ही
पाठ फिरवून निघते पूर्वेला, सबंध मुलूख तुडवत.
तिलाही स्वतःची गाडी नसणार.

चोर्ल्याच्या वळणांवर दोरी धरून उभा राहायचो.
निंगोजी आतून ओरडायचा,
"गुडघं वाकीव, खुळ्या, घाट हाय त्यो!"
पुढं मांद्र्याच्या किनाऱ्यावर एका पोरानं
हेच सांगितलं, इंग्रजीत,
तासाचे पंधराशे घेऊन.

म्हापशाला माल उतरतो. तिथून लोकल बस.
"फाटल्यान घाल रे ती," म्हणतो ड्रायव्हर,
तो एकटाच काही विचारत नाही.

ज्यांच्याकडं गाड्या आहेत
ते लाट बघून येतात.
मी वेळापत्रक बघून.
त्यामुळं कितीदा तर समोर
किल्ला तलाव पसरलेला, खारट एवढाच फरक.
तेव्हा फळीवर बसून डबा खातो,
चपातीला कोथिंबिरीचा वास, मेणालाही,
आणि परत.

पण त्या मंगळवारी होत्या लाटा.
तेरा वेळा पडलो, नाकात, कानात, डोळ्यांत समुद्र.
चौदाव्या वेळी पाय आपोआप वाकले,
घाट हाय त्यो,
आणि खालून सगळं सरकत असताना
मी तेवढा जागच्या जागी.
एक. दोन. अडीच.
अडीचला निंगोजी सुटतो, एवढं आठवलं
आणि पडलो.

परतीच्या बसला बसलिंगप्पाच होता.
मी ठिबकत होतो. त्यानं मीठ पाहिलं कपाळावरचं,
फुटलेली कोपरं पाहिली.
बराच वेळ पेन कानामागं तसंच.
मग मशीन काढत विचारलं,
"वयस्स एष्ट?"
माझं?
त्यानं हनुवटीनं फळी दाखवली.
सहाच्या वर, म्हणालो.
टर्र करून अर्धं तिकीट आलं बाहेर.

खिडकीची जागा तिला दिली.
घाट चढून गाडी भरली कणकुंबीला,
एक बाई चढली, रताळ्याचं गाठोडं डोक्यावर,
खोळीकडं बघून म्हणाली,
"पोराला मांडीवर घे की, बाबा."

घेतलं.